दीडशे अंशांची रांग: डोंगराचा पॅनोरामा पारखायचा कसा?

पावसाळा सरला की ठाणे-नवी मुंबईतल्या भटक्या मंडळींमध्ये डोंगरांच्या फोटोंची प्रदर्शनं आणि स्पर्धा सुरू होतात. त्यात हल्ली पॅनोरामांचा, म्हणजे लांबलचक पट्टीसारख्या रुंद फोटोंचा भरणा मोठा असतो. पनवेलच्या गच्चीवरून टिपलेली प्रबळगड-माथेरानची रांग चार-पाच जणांनी तरी दिलेली असतेच. आणि ज्याची पट्टी सगळ्यांत लांब, त्याच्यापुढे गर्दी सगळ्यांत जास्त, हेही ठरलेलं. परीक्षक म्हणून अशा फोटोंपुढे उभं राहिल्यावर माझा पहिला प्रश्न अगदी साधा असतो: हा फोटो किती अंशांचा आहे? याचं उत्तर कळलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

नवीन पनवेलमध्ये उंच गच्चीवर पूर्वेला तोंड करून उभे राहा. डावीकडे, उत्तरेच्या थोडं पूर्वेला मलंगगड. तिथून उजवीकडे सरकत चंदेरी, पेब, माथेरानचं पठार, त्याच्या अलीकडे कलावंतीण आणि प्रबळगड, मग इर्शाळगड, माणिकगड आणि शेवटी जवळजवळ थेट दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली की सुमारे दीडशे अंशांचा फेरा होतो. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणजे क्षितिजाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग या एका ओळीने व्यापलेला आहे.

आता उंचीकडे पाहू. प्रबळगड समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच आहे आणि पनवेलपासून सरळ रेषेत दहा-साडेदहा किलोमीटरवर आहे. गणित केलं तर त्याची उंची आपल्या डोळ्याला चार अंशांहूनही कमी भरते. विश्वास बसत नसेल तर हात सरळ पुढे ताणून करंगळी आडवी धरा. तिची जाडी साधारण एक अंश असते, आणि मूठ दहा अंशांची. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा अख्खा प्रबळगड चार करंगळ्यांच्या आत मावतो. मनात मात्र तो केवढा तरी मोठा असतो, कारण तो चढताना पोटऱ्यांना काय होतं ते आपल्याला माहीत असतं.

पॅनोरामाची मुख्य अडचण या दोन आकड्यांतच आहे. रुंदी दीडशे अंश, उंची चार अंश. फोटो दीड मीटर रुंद छापला तर प्रबळगडाच्या वाट्याला येतात जेमतेम चार सेंटीमीटर. तोच फोटो मोबाईलवर, पंधरा सेंटीमीटरच्या आडव्या स्क्रीनवर पाहिला तर चार मिलिमीटर. म्हणून 'आमच्या पॅनोरामात डोंगर बारकाच का दिसतो' या तक्रारीचं उत्तर कॅमेऱ्यात शोधू नये. जितके जास्त अंश पट्टीत कोंबाल तितका डोंगर लहान होणार.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत, एक खरा आणि एक खोटा. खरा मार्ग म्हणजे अंश कमी करणं. कलावंतिणीच्या अलीकडून इर्शाळगडाच्या पलीकडेपर्यंतचा तीसेक अंशांचा तुकडा घ्या. २०० मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला तर एका फ्रेममध्ये साधारण सात अंश रुंदी आणि दहा अंश उंची येते. अशा सहा-सात फ्रेम एकमेकींवर तिसरा हिस्सा चढवून जोडल्या की तीनास एक प्रमाणाचा देखणा पॅनोरामा होतो. दीड मीटरच्या छपाईत आता प्रबळगड एकोणीस सेंटीमीटर उंच उभा राहतो. कड्यांमधल्या घळी, पठारावरच्या झाडीची कड, प्रबळमाची गावाचा टप्पा, सगळं वाचता येतं. नावाला रुंदी कमी, पण डोंगर पाचपट मोठा. स्पर्धेत मला असा फोटो दिसला की आनंद होतो, कारण टिपणाऱ्याने काय सोडून द्यायचं हे ठरवलेलं असतं.

खोटा मार्ग म्हणजे फोटो उभा ताणणं. सॉफ्टवेअरमध्ये उंची दीडपट-दुप्पट केली की प्रबळगड एकदम हिमालयाच्या थाटात उभा राहतो. हे ओळखायचं कसं? घरं, विजेचे मनोरे आणि पाण्याच्या टाक्या पाहा. गोल टाकी अंड्यासारखी उभट दिसली की समजा. फोटोत चंद्र असेल तर त्याच्याइतकी चोख मोजपट्टी दुसरी नाही. चंद्राचा व्यास कायम अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, क्षितिजावर कितीही मोठा भासला तरी. म्हणजे पनवेलहून टिपलेल्या फोटोत प्रबळगडाची उंची चंद्राच्या सात-आठ पट असायला हवी. कोजागिरीच्या आसपास हमखास येणाऱ्या, डोंगराच्या निम्म्या उंचीएवढा चंद्र असलेल्या फोटोंमध्ये चंद्र वेगळा टिपून नंतर चिकटवलेला असतो. चंद्राची दिशाही तपासावी. आपल्या अक्षांशावर चंद्र पूर्वेच्या डावी-उजवीकडे साधारण तीस अंशांच्या पट्ट्यातच उगवतो. कर्नाळा पनवेलच्या दक्षिणेला आहे. चंद्र दक्षिणेला येतो तोवर आकाशात बराच वर चढलेला असतो. त्यामुळे पनवेलच्या गच्चीवरून कर्नाळ्याच्या सुळक्याला टेकलेला पूर्णचंद्र दिसणं शक्यच नाही. असा फोटो कितीही मोहक असला तरी मी तो बाजूला ठेवतो.

आता जोडकाम. पॅनोरामा बहुधा अनेक फोटोंचा बनतो. जोडणारं सॉफ्टवेअर, मग ते ह्युजिनसारखं मोफत असो की विकतचं, शेजारच्या दोन फोटोंमध्ये सारख्या दिसणाऱ्या खुणा शोधतं: एखाद्या खडकाचा कोपरा, झाडाचा शेंडा, इमारतीची खिडकी. त्या खुणा एकमेकींवर बसवून फोटो जुळवले जातात. आपल्याकडे घोटाळा होतो तो धुरकट हवेमुळे. दूरच्या डोंगरावर ठळक खुणाच नसतात, मग सॉफ्टवेअर ढगांच्या कडा पकडतं. दोन फोटोंमधल्या काही सेकंदांत ढग सरकलेला असतो. ढग नीट जुळतात आणि डोंगर तुटतो.

हा तुटलेला डोंगर कुठे सापडतो? कलावंतीण आणि प्रबळगड यांच्यामधली व्ही आकाराची खिंड मी आधी पाहतो. फोटो पूर्ण आकारात मोठा करायचा आणि डावीकडून कलावंतिणीच्या उतारावरून नजर खाली आणत, खिंडीच्या तळाशी थांबून, पुन्हा प्रबळच्या कड्यावर चढवत न्यायची. जोड चुकला असेल तर खिंडीचा तळ दुहेरी दिसतो, किंवा सुळक्याला एक फिकट जुळं भावंड फुटलेलं असतं. सपाट पठाराच्या रेषेत चूक लपून राहते. तिथे एखाद-दोन पिक्सेलची पायरी कोणाच्या लक्षात येत नाही. तीच पायरी सुळक्यावर, खिंडीत, इर्शाळच्या नेढ्यापाशी (कातळातल्या आरपार भोकापाशी) उघडी पडते. मग विजेच्या तारा, गच्चीचे कठडे आणि रस्त्याचे पट्टे पाहावेत. तीच गाडी दोनदा, तोच पक्षी दोनदा, तेच झाड दोनदा, हेही शोधावं.

कठडा तुटलेला पण डोंगर अखंड, असंही पुष्कळदा दिसतं. याचं कारण कळलं तर फोटो टिपणाऱ्यालाही उपयोग होतो. कॅमेरा हातात धरून आपण अंगाभोवती फिरतो, तेव्हा तो सुमारे अर्धा मीटर जागा बदलतो. दहा किलोमीटरवरच्या डोंगराला त्याने काहीच फरक पडत नाही. तिथे हे सरकणं एका पिक्सेलहूनही कमी भरतं. पण कठडा एका मीटरवर असेल तर तो मागच्या देखाव्याच्या तुलनेत पंचवीसेक अंशांनी हलतो. कुठलंही सॉफ्टवेअर हे पूर्ण सावरू शकत नाही. लेन्सच्या आत असा एक बिंदू असतो की कॅमेरा त्याच्याभोवती फिरवला तर जवळचं आणि दूरचं एकमेकांवरून सरकत नाही. पॅनोरामासाठी मिळणारे खास ट्रायपॉड-हेड त्यासाठीच असतात. पण फोटोत जवळचं काहीच नसेल तर या खर्चाची गरज नाही. हातात धरून टिपलेला डोंगररांगेचा पॅनोरामा अगदी निर्दोष असू शकतो. 'ट्रायपॉड नव्हता' म्हणून कोणाचे गुण कापणं अन्यायाचं आहे.

मोबाईलचा पॅनोरामा थोडा वेगळा. फोन फिरत असताना मधल्या अरुंद पट्ट्या घेऊन एकापुढे एक लावल्या जातात. कल्पना जुनी आहे: १९०४ साली अमेरिकेत पेटंट घेतलेला सर्किट कॅमेरा चावीवर स्वतःभोवती फिरायचा आणि आतली फिल्म एका फटीमागून सरकत जायची. या पद्धतीत वेळही डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो. फोन ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने लोकल गेली तर ती लांबलचक होते, उलट गेली तर आखडते. डोंगर हलत नसल्यामुळे त्याचं काही बिघडत नाही, फक्त हात वरखाली झाला की माथ्याची रेषा करवतीसारखी होते.

सगळ्यांत जास्त गैरसमज वाकण्याबद्दल आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याभोवतीचा देखावा गोल आहे आणि कागद सपाट. गोलाचा सपाट करताना काहीतरी सोडावंच लागतं. एक पद्धत अशी की सरळ रेषा सरळच ठेवायच्या. साधी लेन्स हेच करते. पण त्यात मध्यापासून दूर गेलं की ताण वाढतो: मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू दुप्पट रुंद होते, ६० अंशांवरची चौपट. ७५ अंशांवर, म्हणजे आपल्या दीडशे अंशांच्या पट्टीच्या टोकांना, जवळजवळ पंधरापट. कर्नाळ्याचा सुळका मग सुळका राहणार नाही, लांबट पठार होईल. म्हणून रुंद पॅनोरामाला दंडगोल पद्धत वापरतात. गोल डब्याच्या आतल्या बाजूला चित्र उमटवून मग तो कागद सोलून सपाट केला, असं समजा. यात प्रत्येक अंशाला सारखी रुंदी मिळते, उभ्या रेषा उभ्याच राहतात, क्षितिज सरळ राहतं. किंमत एकच: समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता किंवा लांबलचक भिंत कमानीसारखी वाकते. हा पद्धतीचा स्वभाव आहे. परीक्षकाने तो दोष धरू नये.

दोष कुठला धरायचा? कॅमेरा समतल नसताना काढलेले फोटो तसेच जोडले तर क्षितिज लाटेसारखं होतं किंवा मध्ये फुगतं. समुद्रकिनारी हे पटकन कळतं. पनवेलहून पूर्वेला मात्र समुद्र नाही, मग आधार कशाचा घ्यायचा? इथे सह्याद्रीच आपल्या मदतीला येतो. हे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांचे, एकावर एक पसरलेल्या थरांचे बनले आहेत. माथेरानच्या कड्यांवर हे थर जवळजवळ आडवे आहेत. काळा कातळ, मग हिरवी पट्टी, पुन्हा कातळ. पट्टीच्या मध्यभागी हे थर आडवे आणि टोकांकडे कललेले दिसले, किंवा टोकाच्या इमारती बाहेरच्या बाजूला झुकलेल्या दिसल्या, तर दोष फोटोचा आहे.

पण इथे एक सावधगिरी हवी. पनवेलच्या नावानेच भूशास्त्रात एक रचना ओळखली जाते, पनवेल फ्लेक्शर. कोकणपट्टीला समांतर जाणाऱ्या या वाकापासून पश्चिमेला लाव्हाचे थर समुद्राकडे कललेले आहेत. त्यामुळे पारसिकच्या बाजूचे डोंगर उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून टिपले तर कातळाच्या पट्ट्या खरोखरच तिरक्या दिसू शकतात. तो कल जमिनीचा आहे. परीक्षकाने 'फोटो सरळ करा' असं सुचवण्याआधी इमारतींच्या उभ्या कडा पाहाव्यात. त्या उभ्या असतील तर फोटो बरोबर आहे, डोंगरच तसा आहे.

उजेडाच्या बाबतीत ठाणेकर आणि पनवेलकर यांची वेळ नेमकी उलटी असते. ठाण्याहून येऊरची रांग पश्चिमेला आहे, तिच्यावर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि संध्याकाळी ती काळी पडते. पनवेलहून माथेरानची रांग पूर्वेला. ती सकाळी नुसती छायाकृती असते आणि दुपारी चारनंतर तिचे पश्चिमेकडचे कडे उजळतात. उन्हाचा कोन तिरका झाला की प्रत्येक सोंडेची सावली शेजारच्या घळीत पडते आणि डोंगराला खोली येते. छायाकृतीही चांगली असू शकते, पण मग तिच्याकडून फक्त रेषेची अपेक्षा ठेवावी, आणि ती रेषा स्वच्छ असायला हवी. रुंद पॅनोरामात आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका असा पट्टा दिसला तर पोलरायझर फिल्टर वापरला होता असं समजावं. तो सूर्यापासून नव्वद अंशांवरचं आकाश सर्वांत गडद करतो, आणि दीडशे अंशांत तो डाग लपवता येत नाही. ठरावीक अंतरावर उभे पट्टे दिसले तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेला उजेड, फ्रेमगणिक बदललं आहे, किंवा लेन्सच्या कडांचा काळोख दुरुस्त केलेला नाही.

धुरकटपणा हा मात्र शत्रू समजू नये. दूरचा डोंगर जवळच्यापेक्षा फिका आणि निळसर दिसतो, कारण मधली हवा उजेड विखुरते. प्रबळगड गडद, त्याच्यामागे पाच-सहा किलोमीटरवरचं माथेरान त्याहून फिकं, हा क्रम डोळ्याला अंतर सांगतो. सॉफ्टवेअरमधली धुकं काढायची पट्टी शेवटपर्यंत ओढली की दोन्ही सारखेच काळे होतात आणि रांग एका पातळीत चिकटते. माथ्याच्या रेषेवर पांढरी किनार उमटलेली दिसली तर तोच उद्योग झालेला असतो. पावसाच्या उघडिपीत किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला धुतलेल्या हवेत टिपलेला फोटो आणि जानेवारीतल्या धुळीतून ओढून काढलेला फोटो यांतला फरक या किनारीवरून कळतो.

रचनेबद्दल माझा आग्रह एकच: रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते ठरवलेलं असावं. उतार अर्ध्यात कापलेला पॅनोरामा मला खटकतो. टोकाला खिंड असावी, किंवा रेषा सपाटीला टेकलेली असावी. आकाश किती ठेवायचं ते आकाशात काही आहे का त्यावर ठरावं.

तारा, मनोरे, टॉवर पुसण्याबद्दल मी कडक आहे. घोडबंदर रोडवरून येऊरची रांग आज इमारतींच्या फटींतून दिसते. त्या इमारती पुसून अखंड रांग दाखवणारा फोटो ठाण्याचा उरत नाही. डोंगररांगेचा पॅनोरामा चित्र असतो तशी नोंदही असते. इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरियो सेला १९०९ साली काराकोरमला गेला. तिथे त्याने टिपलेले फोटो पुढच्या गिर्यारोहकांनी डोंगर समजून घ्यायला वापरले, कारण त्यांतल्या रेषेवर विश्वास ठेवता येत होता. आपल्याकडे तर रेषा बदलायला शंभर वर्षंही लागत नाहीत. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली. ती टेकडी उभी असताना कोणी गच्चीवरून सरळ, न ताणलेला पॅनोरामा काढून ठेवला असेल, तर तो आज अनमोल आहे. म्हणून प्रवेशिकेसोबत टिपल्याची जागा, तारीख, वेळ आणि दिशा मागावी, आणि ती नसेल तर गुण कमी करावेत.

पाहायचं कसं, हे शेवटी. मोबाईलवर निकाल लावू नये. चार मिलिमीटरच्या प्रबळगडाचा न्याय कोणालाच करता येणार नाही. छापील फोटो असेल तर दंडगोल पॅनोरामाला पाहायचं योग्य अंतर असतं आणि ते काढणं सोपं आहे. दीडशे अंश दीड मीटरवर पसरले असतील तर ते अंतर सुमारे ५७ सेंटीमीटर येतं. तेवढ्या जवळ उभं राहून मान वळवत पाहिलं तर डोंगर जवळजवळ गच्चीवरून दिसला तेवढाच दिसतो. माणसाचा डोळा एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखतो, म्हणजे या फोटोला रुंदीत किमान नऊ हजार पिक्सेल हवेत. छपाई करता येत नसेल तर मोठ्या स्क्रीनवर पूर्ण आकारात, डावीकडून उजवीकडे सरकवत पाहावं, आणि सगळ्या प्रवेशिका त्याच स्क्रीनवर पाहाव्यात.

दोन फोटो अगदी तुल्यबळ ठरले, एक दीडशे अंशांचा आणि एक तीस अंशांचा, तर मी दोघांनाही एकच विचारतो: यातला डावीकडचा किंवा उजवीकडचा पाव भाग कापला तर काय जाईल? तीस अंशांच्या फोटोत कलावंतीण जाते नाहीतर इर्शाळ जातो, दोन्ही परवडणारे नसतात. दीडशे अंशांच्या फोटोत मलंगगडाच्या बाजूला नुसत्या इमारती आणि धूसर आकाश असेल, तर ते चाळीसेक अंश कमावलेले नाहीत. पण तिथे चंदेरीचा माथा ढगातून वर आलेला असेल आणि दुसऱ्या टोकाला कर्नाळ्यावर ऊन असेल, तर पहिला क्रमांक मी दीडशे अंशांच्या फोटोला देतो.